‘हार्ड’ की ‘हार्डली’? : विज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी क्रियाविशेषणे

विज्ञानाच्या मासिकात इंग्रजी व्याकरणाचा पाठ, आणि तोही पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने लिहिलेला, हे पाहून तुम्हांला नवल वाटेल. पण क्रियाविशेषणांशी माझी खरी ओळख झाली ती इंग्रजीच्या तासाला नव्हे, तर प्रयोगशाळेत, साध्या लंबकापुढे. ती हकीकत आधी सांगतो.

दहावीपर्यंत मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलो. अकरावीला विज्ञान शाखेत गेलो आणि सगळे विषय एकदम इंग्रजीत सुरू झाले. पहिल्याच प्रयोगात लंबकाचा आंदोलनकाल मोजायचा होता. लंबकाला एकदा जाऊन परत यायला जो वेळ लागतो तो आंदोलनकाल. मी मन लावून काम केले. वीस-वीस आंदोलनांच्या वेळा तीन-तीनदा घेतल्या आणि प्रयोगवहीत शेवटी मोठ्या अभिमानाने लिहिले, ‘आय वर्क्ड हार्डली.’ मला म्हणायचे होते, मी कसून काम केले. वही परत आली तेव्हा त्या वाक्याखाली तांबड्या शाईत सरांनी लिहिले होते, “तू जेमतेमच काम केलेस, तर ही वाचने मी खरी का मानू?” शेजारच्या मुलाने ते मोठ्याने वाचले आणि टेबलाभोवती हशा पिकला.

याचा परिणाम असा झाला की, मी क्रियाविशेषणे वापरणेच सोडून दिले. वापरली नाहीत म्हणजे चुकणार नाहीत, असा माझा हिशेब! पुढच्या प्रयोगाच्या निष्कर्षात मी लिहिले, ‘द पीरियड इज इंडिपेंडन्ट ऑफ द ॲम्प्लिट्यूड.’ म्हणजे, लंबक मधल्या जागेपासून किती दूर झुलतो यावर त्याचा आंदोलनकाल अवलंबून नसतो. व्याकरणाची एकही चूक नव्हती. तरी सरांनी ‘इज’ आणि ‘इंडिपेंडन्ट’ या दोन शब्दांच्या मध्ये काकपद काढले आणि वर लिहिले, “इथला एक शब्द कुठे गेला?”

तो शब्द कोणता, हे समजायला मला बरेच दिवस लागले. तुम्हांला तो या लेखाच्या शेवटी सापडेल आणि एक दोरा व एक दगड घेऊन तो तुम्ही स्वतः पडताळूनही पाहू शकाल. त्याआधी क्रियाविशेषण म्हणजे काय, ते नीट पाहू.

क्रियेला विचारायचे चार प्रश्न

‘द बॉल रोल्स’, म्हणजे चेंडू घरंगळतो. या वाक्यात क्रिया आहे. पण तिच्याविषयी आपल्याला फारसे काही कळत नाही. आता या क्रियेला चार प्रश्न विचारा. कसा घरंगळतो? ‘स्लोली’, म्हणजे हळू. कुठे? ‘डाउनवर्ड’, म्हणजे खाली. केव्हा? ‘नाउ’, म्हणजे आता. किती, किंवा किती वेळा? ‘ट्वाइस’, म्हणजे दोनदा. या चार प्रश्नांची उत्तरे देणारे शब्द ती क्रियाविशेषणे. मराठी व्याकरणात तुम्ही रीतिवाचक, स्थलवाचक, कालवाचक आणि परिमाणवाचक असे जे प्रकार शिकलात, ते हेच. इंग्रजीत त्यांना ‘ॲडव्हर्ब’ म्हणतात.

मात्र नावावरून एक गैरसमज होतो. ॲडव्हर्ब फक्त क्रियापदाविषयीच सांगते असे नाही. ‘व्हेरी हॉट’मधले ‘व्हेरी’ हे ‘हॉट’ या विशेषणाविषयी सांगते. ‘टू स्लोली’मधले ‘टू’ हे दुसऱ्या क्रियाविशेषणाविषयी सांगते. ओहमच्या नियमात विद्युतप्रवाह हा विभवांतराशी ‘डायरेक्टली प्रपोर्शनल’ असतो. तिथले ‘डायरेक्टली’ हे ‘प्रपोर्शनल’ या विशेषणाचे स्वरूप सांगते. बॉइलच्या नियमात तापमान कायम असताना वायूचे आकारमान दाबाशी ‘इन्व्हर्सली प्रपोर्शनल’ असते. विशेषण तेच, क्रियाविशेषण बदलले आणि नियम उलटा झाला. पहिल्यात एक राशी दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट होते. दुसऱ्यात एक दुप्पट झाली की दुसरी निम्मी होते. एवढा फरक त्या एका शब्दाने पडतो.

आपली अडचण नेमकी कुठे आहे?

मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याची इथे जी चूक होते तिला कारण आहे. पुढील दोन वाक्ये पाहा. ‘तो चांगला मुलगा आहे.’ ‘तो चांगला खेळतो.’ पहिल्या वाक्यात ‘चांगला’ हा शब्द मुलाविषयी सांगतो, म्हणून ते विशेषण. दुसऱ्या वाक्यात तो खेळण्याविषयी सांगतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचे. पण शब्द एकच! इतकेच नव्हे, तर ‘ती चांगली खेळते’, ‘मुले चांगली खेळतात’ असे त्याचे रूपही खेळणाऱ्याप्रमाणे बदलते. म्हणजे मराठीत विशेषण आपला वेष न बदलता क्रियाविशेषणाचे काम करून जाते.

इंग्रजीत तसे सहसा चालत नाही. तिथे काम बदलले की वेष बदलावा लागतो. ‘ही इज अ गुड बॉय’, पण ‘ही प्लेज वेल’. आपण मराठीच्या सवयीने ‘ही प्लेज गुड’ लिहितो आणि गुण गमावतो. म्हणून विशेषण लिहिताना क्षणभर थांबावे आणि विचारावे, हा शब्द वस्तूविषयी सांगतो की क्रियेविषयी? क्रियेविषयी सांगत असेल, तर बहुतेक वेळा त्याला ‘ली’ जोडायचे. ‘स्लो’चे ‘स्लोली’, ‘केअरफुल’चे ‘केअरफुली’, ‘युनिफॉर्म’चे ‘युनिफॉर्मली’.

हे ‘ली’ आले कुठून? जुन्या इंग्रजीत शरीर किंवा देह या अर्थी ‘लीक’ असा शब्द होता. ‘सारखा’ या अर्थाचा ‘लाइक’ आणि हे ‘ली’ दोन्ही त्याच कुळातले. म्हणजे ‘स्लोली’ याचा मुळातला अर्थ ‘मंद रूपाने’ असा काहीसा होतो. स्पॅनिश भाषेत याच कामासाठी ‘मेंते’ जोडतात आणि ते मन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. एका भाषेने देह घेतला, दुसरीने मन! आपणही ‘काळजीपूर्वक’, ‘पूर्णतः’, ‘क्रमशः’, ‘सावकाशपणे’ असे शब्द शेवटी काही तरी जोडूनच बनवतो.

‘ली’च्या बाबतीत दोन इशारे ध्यानात ठेवा. पहिला, शेवटी ‘ली’ असलेला प्रत्येक शब्द क्रियाविशेषण नसतो. ‘फ्रेंडली’, ‘लोन्ली’, ‘कॉस्टली’ ही विशेषणे आहेत. दुसरा, प्रत्येक क्रियाविशेषणाला ‘ली’ नसते. ‘सून’, ‘ऑफन’, ‘वेल’, ‘फास्ट’ यांना ते नाही. ‘फास्टली’ असा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही. गाडी ‘फास्ट’ असते आणि ती ‘फास्ट’च धावते.

आणखी एक खाचखळगा आहे. ‘पाणी गार लागते’ याचे इंग्रजी काय? ‘द वॉटर फील्स कोल्ड.’ क्रियापदाशेजारी शब्द आला म्हणून ‘कोल्डली’ करायचे नाही, कारण गारपणा पाण्याचा आहे, लागण्याचा नाही. तसेच ‘लिटमस पेपर टर्न्स रेड’. तांबडा होतो तो कागद. वळण्याची क्रिया काही तांबडी नसते! म्हणजे कसोटी तीच राहिली : वस्तू की क्रिया?

‘हार्ड’ आणि ‘हार्डली’

आता माझ्या फजितीकडे वळू. ‘हार्ड’ म्हणजे कठीण, तर ‘हार्डली’ म्हणजे कठीणपणे किंवा कसून, असे मी नियमाने धरून चाललो होतो. नियम बरोबर होता, पण मी काही शतके उशिरा आलो होतो!

जुन्या इंग्रजीत विशेषणापासून क्रियाविशेषण करण्याची दुसरीही एक रीत होती. शब्दाच्या शेवटी नुसता ‘ए’सारखा स्वर जोडत. ‘हार्ड’च्या जुन्या रूपालाही तो जोडला जाई. पुढे शब्दाच्या शेवटचा हा स्वर उच्चारातून गळून पडला आणि विशेषण व क्रियाविशेषण दिसायला सारखेच झाले. ‘हार्ड’, ‘फास्ट’ यांना ‘ली’ का लागत नाही, याचे कारण हे असे आहे.

‘हार्डली’ हा शब्दही पूर्वी ‘जोराने’, ‘कष्टाने’ या अर्थीच वापरीत असत. पण जे काम कष्टाने होते ते पुष्कळदा जेमतेमच होते. मराठीत ‘कसाबसा पोहोचलो’ म्हणताना कष्ट आणि जेमतेमपणा या दोन्ही छटा आपल्या मनात असतात, तसेच हे आहे. हळूहळू ‘कष्टाने’ हा अर्थ मागे पडला आणि ‘जेमतेम, जवळजवळ नाहीच’ हा अर्थ उरला. म्हणून आज ‘द नीडल हार्डली मूव्ह्ड’ याचा अर्थ मापकाचा काटा जेमतेम हलला असा होतो. ‘हार्डली’च्या पोटात नकार आधीच आहे, म्हणून त्याच्या जोडीला पुन्हा ‘नॉट’ लिहायचे नाही.

अशा आणखी काही जोड्या आहेत. ‘लेट’ म्हणजे उशिरा, तर ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘नियर’ म्हणजे जवळ, तर ‘नियर्ली’ म्हणजे जवळजवळ. ‘हाय’ म्हणजे उंच, तर ‘हायली’ म्हणजे फार मोठ्या प्रमाणात. फुगा ‘हाय’ जातो. सोडियम ‘हायली रिॲक्टिव्ह’ असतो. या जोड्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येकीचे एकेक प्रयोगशाळेतले वाक्य स्वतः तयार करा. मग त्या विसरायच्या नाहीत.

जागा बदलली, अर्थ बदलला

मराठीत ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याला आपण ‘च’ चिकटवतो. ‘आम्हीच सळई तापवली’ आणि ‘आम्ही सळईच तापवली’ यांतला फरक लहान मूलही सांगेल. इंग्रजीत असा चिकटणारा ‘च’ नाही. त्याचे पुष्कळसे काम ‘ओन्ली’ हा शब्द करतो आणि तो कोणाच्या शेजारी बसला आहे यावर अर्थ ठरतो.

‘ओन्ली वी हीटेड द रॉड.’ सळई आम्हीच तापवली, इतर कोणी नाही.

‘वी ओन्ली हीटेड द रॉड.’ सळई फक्त तापवली. वाकवली नाही, कापली नाही.

‘वी हीटेड ओन्ली द रॉड.’ फक्त सळई तापवली. दुसरे काही तापवले नाही.

बोलताना इंग्रज माणूस दुसरे वाक्य तिसऱ्याच्या अर्थानेही वापरतो, कारण आवाजाच्या चढउताराने त्याला अर्थ दाखवता येतो. कागदावर आवाज नसतो. म्हणून विज्ञानाच्या वहीत ‘ओन्ली’ नेमका त्याच शब्दाच्या शेजारी ठेवावा. लंबकाच्या प्रयोगात ‘वी चेंज्ड ओन्ली द लेंग्थ’ असे लिहिले की वाचणाऱ्याला कळते : गोळा तोच, दोरा तोच, सोडण्याचा कोन तोच; बदलली ती फक्त लांबी. प्रयोगाची सगळी विश्वासार्हता त्या एका शब्दाच्या जागेवर उभी आहे.

‘नॉट’ हेही क्रियाविशेषणच, आणि त्याची जागाही अशीच जोखमीची. ‘ऑल मेटल्स आर नॉट सॉलिड’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, कोणताच धातू घन नसतो. दोन, सगळेच काही घन नसतात. पहिला अर्थ उघडच खोटा आहे. दुसरा खरा, कारण पारा नेहमीच्या तापमानाला द्रव असतो. ‘नॉट ऑल मेटल्स आर सॉलिड’ असे लिहिले की संशय उरत नाही. मराठीतही ‘सगळे धातू घन नसतात’ या वाक्यात हाच घोटाळा आहे. म्हणून तिथे आपण ‘सगळेच धातू घन नसतात’ म्हणावे.

जागेचा आणखी एक नियम सांगतो. ‘आम्ही वेळ काळजीपूर्वक मोजली’ या मराठी वाक्यात क्रियापद शेवटी असते आणि क्रियाविशेषण त्याला लगटून येते. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण सहसा घुसवत नाहीत. ‘वी मेझर्ड केअरफुली द टाइम’ असे न लिहिता ‘वी मेझर्ड द टाइम केअरफुली’ किंवा ‘वी केअरफुली मेझर्ड द टाइम’ असे लिहावे. तसेच ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’ हे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी येतात. एकटे ‘इज’ किंवा ‘आर’ असेल तर मात्र ते त्याच्यानंतर बसतात.

न्यूटनच्या नियमातला एक लहानसा शब्द

क्रियाविशेषण म्हणजे वाक्यावरची नक्षी, ती काढली तरी वाक्य उभे राहते, असे पुष्कळांना वाटते. वाक्य उभे राहीलही. पण नियम उभा राहील का? न्यूटनचा गतिविषयक पहिला नियम घ्या. बाहेरचे बल नसेल तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू सरळ रेषेत ‘युनिफॉर्मली’, म्हणजे एकसमान वेगाने, जात राहते. यातले ‘युनिफॉर्मली’ काढून पाहा. आता वस्तू सरळ रेषेत गेली म्हणजे झाले. ती वाटेत आपोआप मंदावली, थांबत आली, तरी नियम मोडला असे म्हणता येणार नाही. घर्षणाने थांबणारा चेंडू पाहून ‘गती आपोआपच संपते’ असे माणसे फार पूर्वीपासून समजत आली होती. तो समज ज्या शब्दाने खोडला तोच शब्द आपण गाळला!

याच नियमातल्या दुसऱ्या एका शब्दाची गोष्ट तर फारच उद्बोधक आहे. न्यूटनने आपला ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ 1687 साली लॅटिनमध्ये प्रसिद्ध केला. न्यूटन 1727 साली वारला. अँड्र्यू मॉट याने केलेले ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर 1729 साली बाहेर आले. मूळ लॅटिन नियमात ‘क्वाटेनुस’ असे एक क्रियाविशेषण आहे. त्याचा अर्थ ‘कुठवर’, ‘जितक्या प्रमाणात’ असा होतो. मॉटने त्या जागी ‘अनलेस’, म्हणजे ‘नाही तर’ किंवा ‘शिवाय’ या अर्थाचा शब्द घातला. ‘बल लागल्याशिवाय वस्तूची स्थिती बदलत नाही’ हे जे वाक्य आपण शाळेत पाठ करतो, ते याच वळणाचे आहे.

फरक काय पडला? ‘अनलेस’ वाचले की वाटते, हा नियम फक्त बल नसलेल्या वस्तूंसाठी आहे. पण विश्वात अशी वस्तू आहे कुठे? गुरुत्वाकर्षण तर सगळीकडे पोहोचते. मग हा नियम कोणालाच लागू नाही की काय, असा प्रश्न हुशार विद्यार्थी हमखास विचारतो. मूळ शब्द धरून वाचले तर अर्थ असा होतो : प्रत्येक वस्तू आपली गती टिकवते आणि बलामुळे तिच्यात जेवढा बदल घडावा लागतो तेवढाच घडतो, त्याहून अधिक नाही. हा नियम सगळ्यांना लागू आहे, बल लागलेल्यांनासुद्धा. न्यूटनने स्वतः दिलेली उदाहरणे पाहा : फेकलेल्या वस्तू, फिरता भोवरा, ग्रह आणि धूमकेतू. यांतल्या प्रत्येकावर बल लागलेलेच आहे!

1999 साली बर्नार्ड कोहेन आणि ॲन व्हिटमन यांनी केलेल्या नव्या इंग्रजी भाषांतरात ‘जितक्या प्रमाणात’ हाच अर्थ घेतला आहे. 2023 साली डॅनिएल होक या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने या एका शब्दावर सविस्तर निबंध लिहून हा मुद्दा मांडला, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. गणिते सोडवताना यामुळे काहीही बदलत नाही. पण न्यूटनला काय म्हणायचे होते, हे समजण्यात बदल होतो. आणि तो घडवणारा शब्द ‘किती प्रमाणात?’ या प्रश्नाला उत्तर देणारा, आपल्या परिमाणवाचक गटातला आहे.

हरवलेला शब्द

आता माझ्या वहीकडे परत येऊ. ‘द पीरियड इज इंडिपेंडन्ट ऑफ द ॲम्प्लिट्यूड.’ काकपदाच्या जागी हवा होता तो शब्द म्हणजे ‘नियर्ली’, अर्थात जवळजवळ.

‘जवळजवळ’ हा शब्द ऐकला की आपल्याला वाटते, बोलणारा अंग चोरतो आहे. विज्ञानात तसे नसते. इथे ‘जवळजवळ’ म्हणजे किती, हे मोजता येते. एक मीटर लांबीचा लंबक अगदी लहान कोनातून झुलत असेल तर त्याचा आंदोलनकाल सुमारे 2.007 सेकंद येतो. तोच लंबक मधल्या जागेपासून 10 अंशांपर्यंत झुलवला तर आंदोलनकाल सुमारे 0.19 टक्क्याने वाढतो. 30 अंशांना ही वाढ सुमारे 1.7 टक्के, 60 अंशांना सुमारे 7.3 टक्के आणि 90 अंशांना सुमारे 18 टक्के होते. म्हणजे 10 अंशांना वीस आंदोलनांत एका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी फरक पडतो. घड्याळाचे बटण दाबताना आपल्या बोटाकडून होणारी चूकच त्याहून मोठी असते. म्हणून लहान कोनासाठी ‘नियर्ली’ लिहायचे आणि निर्धास्त राहायचे. 60 अंशांना मात्र ‘नियर्ली’देखील लिहिता येणार नाही.

हे तुम्ही घरी पाहू शकता. खिळ्याला किंवा खुंटीला दोरा बांधा आणि त्याच्या टोकाला लहानसा जड दगड किंवा मोठे नट अडकवा. खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत एक मीटर अंतर ठेवा. समोर कोणी उभे नाही ना, हे पाहून घ्या. आधी दगड जेमतेम पाच-सहा अंश बाजूला घेऊन सोडा आणि दहा आंदोलनांची वेळ मोजा. मग दोरा ताठ ठेवून 60 अंशांवरून सोडा आणि पुन्हा दहा आंदोलने मोजा. दगड ढकलायचा नाही, नुसता सोडायचा. मोठा झोका हवेच्या विरोधामुळे हळूहळू लहान होत जातो. तरीसुद्धा दोन वेळांत सेकंदाहून जास्त फरक दिसेल. माझ्या वाक्यातून गळलेला शब्द तुमच्या घड्याळात दिसेल.

आता एक दिलासा. हा शब्द हरवणारा मी पहिला नव्हतो. लंबकाचा झोका मोठा असो वा लहान, त्याला सारखाच वेळ लागतो, असे खुद्द गॅलिलिओचे मत होते. पुढे डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स याने 1656 साली लंबकाचे घड्याळ तयार केले. घड्याळ करणाऱ्याला ‘नियर्ली’ विसरून चालत नाही, कारण थोडी थोडी चूक दिवसभर साचत जाते. वर्तुळाच्या कमानीत झुलणाऱ्या लंबकाची वेळ तंतोतंत सारखी नसते आणि ती तशी यायला लंबकाने चक्रज नावाच्या वेगळ्या वक्रावरून जायला हवे, हे त्याने गणिताने सिद्ध केले. 1673 साली आपल्या ग्रंथात त्याने ते प्रसिद्धही केले. ‘सारखाच’ आणि ‘जवळजवळ सारखाच’ यांच्यामधल्या फटीतून एवढे विज्ञान बाहेर आले.

स्वतः करून पाहा

पुढील वाक्ये इंग्रजीत लिहा किंवा दुरुस्त करा. उत्तरे खाली आहेत. आधी पाहू नका.

1. काटा जेमतेम हलला.
2. आम्ही फक्त लांबी बदलली.
3. दुरुस्त करा : ‘द ट्रॉली मूव्ह्ड फास्टली.’
4. दुरुस्त करा : ‘द सोल्यूशन टर्न्ड ब्लूली.’
5. दुरुस्त करा : ‘वी हीटेड स्लोली द वॉटर.’
6. सगळेच ग्रह पृथ्वीपेक्षा मोठे नाहीत.

उत्तरे : 1. ‘द नीडल हार्डली मूव्ह्ड.’ 2. ‘वी चेंज्ड ओन्ली द लेंग्थ.’ 3. ‘द ट्रॉली मूव्ह्ड फास्ट.’ 4. ‘द सोल्यूशन टर्न्ड ब्लू’. निळे झाले ते द्रावण, म्हणून विशेषण. 5. ‘वी हीटेड द वॉटर स्लोली.’ 6. ‘नॉट ऑल प्लॅनेट्स आर बिगर दॅन द अर्थ.’

शेवटी शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी प्रयोगवहीत जेव्हा ‘हार्डली’ लिहितो तेव्हा त्याने काम कसूनच केलेले असते. त्याच्या चुकीवर हसू आले तरी दुरुस्तीबरोबर तिचे कारणही सांगावे. नाही तर तो माझ्यासारखा ते शब्दच गाळू लागतो, आणि वाक्य निर्दोष होऊन विज्ञान सदोष होते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, चुकण्याच्या भीतीने क्रियाविशेषण गाळू नका. निष्कर्ष लिहून झाला की पेन खाली ठेवण्यापूर्वी त्याला विचारा : नेहमीच? फक्त एवढेच? अगदी तंतोतंत, की जवळजवळ? या प्रश्नांची उत्तरे तुमच्या वाचनांमध्ये असतात. ती वाक्यात उतरली म्हणजे प्रयोग पुरा झाला.

मी आज मुलांच्या वह्या तपासतो तेव्हा माझ्याही हातात तांबडी शाई असते. लंबकाच्या प्रयोगाचा निष्कर्ष आला की माझी नजर आधी ‘इज’ आणि ‘इंडिपेंडन्ट’ यांच्यामधल्या जागेकडे जाते.